सालिम अली: पाखराला शत्रू-मित्र म्हणण्याआधी त्याचे खाणे पाहणारा माणूस

जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात भाद्रपद लागला की भात पोटरीवर येते. उतारावरची नाचणी आणि वरई कणसावर येऊ लागते. याच दिवसांत बांधावर, झाडांवर आणि गुरांच्या मागे पाखरांची वर्दळ वाढते. आपण त्यांना दोनच नावे देतो. एक पिकाचा शत्रू आणि दुसरे शेतकऱ्याचा मित्र. शत्रू म्हटले की गलोल आणि पत्र्याचा डबा बाहेर निघतो. मित्र म्हटले की प्रशिक्षणातल्या तक्त्यावर चित्र येते आणि विषय तिथेच संपतो.

पण एकच पाखरू जुलैत अळ्या खाते आणि ऑक्टोबरात दाणे खाते. मग त्याला काय म्हणायचे? हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. चुकीचा शब्द वापरला तर तुम्ही फुकट राबणाऱ्या पाखराला हाकलता आणि तेच काम विकतच्या औषधाकडून करून घेता. पाखरू नेमके काय खाते हे अंदाजाने न सांगता पाहून, मोजून आणि लिहून ठेवण्याचे काम भारतात ज्यांनी आयुष्यभर केले, त्या डॉ. सालिम अली यांचे चरित्र या लेखात देत आहोत. त्यातून आपल्या शेतापुरते काय घ्यायचे तेही शेवटी पाहू.

हातात बंदूक असलेला मुलगा

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात त्यांना वाढवले.

मामा शिकारीचे शौकीन होते. भाच्याला त्यांनी छर्ऱ्याची छोटी बंदूक दिली होती. आज तुमच्या पाड्यावरची मुले गलोल घेऊन जशी फिरतात, तसाच हा मुलगा चिमण्यांवर नेम धरत फिरायचा. एकदा त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. रोजच्या चिमणीला असा डाग नसतो. मुलाने मामाला विचारले. मामांनाही सांगता येईना, तेव्हा त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे पाठवले. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले. त्यांनी भुसा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले आणि वाचायला पुस्तकेही दिली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या मुलाने बंदूक खाली ठेवली म्हणून तो शास्त्रज्ञ झाला, असे घडलेले नाही. पुढेही नमुने गोळा करण्यासाठी त्यांनी पक्षी मारले आणि ते कधी लपवलेही नाही. बदल झाला तो असा की पाडलेले पाखरू कोणते आहे, ते इथे का आले आणि काय खात होते, हे त्यांना विचारावेसे वाटू लागले.

शिक्षण अर्धे, नोकरी अर्धी

सालिम अलींचे शिक्षण सरळ झाले नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात पहिल्याच वर्षी त्यांचा जीव रमेना. मग घरच्यांच्या वुल्फ्रॅम खाणी आणि लाकडाच्या धंद्यात लक्ष घालायला ते ब्रह्मदेशात तव्हॉय इथे गेले. आजूबाजूच्या जंगलात त्यांचा वेळ पाखरांमागेच जास्त गेला. १९१७ मध्ये परत येऊन त्यांनी व्यापाराचे शिक्षण घेतले. त्याच काळात सेंट झेवियर्समधले फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने ते प्राणिशास्त्रही शिकले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचे लग्न झाले.

विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागातली पक्षीतज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून महिना ३५० रुपयांवर नोकरी मिळाली. दोन वर्षांत रजा घेऊन शिकण्यासाठी ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये प्राध्यापक एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली काम करताना पक्ष्यांचा अभ्यास कसा करायचा याचे वळण त्यांना लागले.

१९३० मध्ये परत आले तर म्युझियमकडे पैसा नसल्याने जागाच रद्द झाली होती. मुंबईत राहणे परवडेना, म्हणून नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले.

किहीमची सुगरण

किहीममध्ये घराजवळ सुगरणींची वसाहत होती. सुगरण आपल्याला काही नवी नाही. जव्हार-मोखाड्यातही पावसाळ्यात विहिरीवर वाकलेल्या फांद्यांना तिची घरटी लोंबतात. ती सगळ्यांना माहीत होती, पण तिचा संसार नीट कोणी पाहिला नव्हता. सालिम अली महिनोन्महिने त्या वसाहतीसमोर बसून राहिले. कोणत्या नराने कोणते घरटे कधी सुरू केले आणि मादी कधी आली, हे त्यांनी लिहून काढले.

त्यातून दिसले ते असे. नर अर्धे घरटे विणतो. मादी येऊन ते तपासते. तिला पसंत पडले तर नर ते पुरे करतो, मादी आत अंडी घालते आणि नर दुसरे घरटे विणायला घेतो. अशा रीतीने एका हंगामात एका नराचे एकामागून एक दोन-तीन संसार होतात. १९३१ मध्ये हे निष्कर्ष सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले आणि त्यांचे नाव झाले.

सुगरणीची गोष्ट शेतकऱ्याने आणखी एका अंगाने पाहावी. मोठी सुगरण दाणे खाते, म्हणून आपण तिला धान्यभक्षी म्हणतो. पण घरट्यातल्या पिल्लांच्या चोचीत ती नाकतोडे, अळ्या असे मऊ खाद्य भरवते. आपल्या घरातली चिमणीही तेच करते. पिल्लाच्या वाढत्या अंगाला प्रथिने लागतात आणि कोवळ्या पोटाला कोरडा दाणा झेपत नाही. सुगरणीची वीण पावसाळ्यात होते, म्हणजे भात वाढत असते तेव्हाच. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये जी सुगरण कीड वेचते, तीच ऑक्टोबरमध्ये लोंबीवर बसते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पोट उघडून पाहणे

पाखरू काय खाते हे दुरून पूर्ण कळत नाही. चोचीत काही तरी दिसते, पण ती अळी होती की बी होते? त्यावर शास्त्रज्ञांनी काढलेला उपाय म्हणजे पक्ष्याचे पोट तपासणे. भारतात या प्रकारचे मोठे काम प्रथम बिहारमधल्या पुसा इथे झाले. सी. डब्ल्यू. मेसन आणि कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी ते १९१२ मध्ये प्रसिद्ध केले.

सालिम अलींनी ही सवय पुढे नेली. १९३० च्या दशकात हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांत त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली. संस्थानांनी खर्च करायचा आणि सालिम अलींनी फुकट राबायचे, अशी ही व्यवस्था होती. बैलगाडी, तंबू, दुर्बीण आणि वही घेऊन हे काम चाले. तेहमिना या फेऱ्यांत बरोबर असत आणि मुक्कामाची सारी घडी त्याच बसवत. १९३९ मध्ये एका लहान शस्त्रक्रियेनंतर त्या दगावल्या. सालिम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण आणि मेहुण्यांच्या आधाराने त्यांनी काम चालू ठेवले.

१९३६ मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात त्यांनी भारतातल्या शेतीच्या दृष्टीने पक्ष्यांच्या अभ्यासावर लेख लिहिला. पक्ष्यांचा उपयोग आणि उपद्रव या दोन्हींचा पद्धतशीर अभ्यास आपल्याकडे व्हावा, हा विषय त्यांनी पुढेही लावून धरला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय कृषी संशोधन परिषदेने कृषी पक्षीशास्त्रावर देशपातळीचा प्रकल्प सुरू केला.

पाहणी न करता ठरवल्यावर काय होते, याचे उदाहरण चीनमध्ये घडले. १९५८ मध्ये तिथे चिमणी हा धान्याचा शत्रू ठरवून तिला मारण्याची मोहीम झाली. नंतर किडी वाढल्या आणि १९६० मध्ये चिमणीला त्या यादीतून काढावे लागले.

पुस्तके आणि सन्मान

१९४१ मध्ये त्यांचे द बुक ऑफ इंडियन बर्ड्स प्रसिद्ध झाले. सामान्य माणसाला पाखरू ओळखता यावे म्हणून लिहिलेल्या या पुस्तकाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. अमेरिकेचे पक्षीतज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात पक्ष्याचे वर्णन, आवाज आणि वीण यांबरोबर त्याच्या आहाराचीही नोंद असते.

पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांचे स्थलांतर शोधण्याच्या कामात त्यांनी बिहारच्या मीरशिकारांना बरोबर घेतले. पिढ्यान्‌पिढ्या पाखरे धरणाऱ्या या लोकांचे कसब कोणत्याही पुस्तकात नव्हते. जव्हार-मोखाड्यातल्या वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी कुटुंबांतही रानाची अशी जाण आहे. कृषी सहायकाने आणि कृषिमित्राने ती विचारून घ्यावी.

त्यांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. पदवी नसलेल्या या माणसाला विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टरेट दिली. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले. २० जून १९८७ रोजी मुंबईत वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. भाताच्या शिवारासाठी हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. याच वर्षी भारताने बेडकांच्या पायांची निर्यात बंद केली.

कीटकभक्षी हा एक शब्द, कामे पाच

सालिम अलींकडून घ्यायची पहिली गोष्ट म्हणजे नेमका शब्द. कीटकभक्षी म्हणून थांबू नका. ते कीटक कुठून आणि कसे पकडते ते सांगा, म्हणजे कोणत्या किडीवर त्याचा उपयोग आहे ते कळते.

- उडते कीटक हवेत पकडणारे: वेडा राघू, कोतवाल, पाकोळी. संध्याकाळनंतर हेच काम लहान वटवाघळे करतात. खोडकिड्याचे पतंग यांच्या तावडीत सापडतात.
- जमिनीवर चालत वेचणारे: साळुंकी, गायबगळा, धोबी, टिटवी. नांगरट आणि चिखलणी चालू असताना वर आलेल्या अळ्या आणि किडे हे टिपतात.
- माती आणि पालापाचोळा उकरणारे: हुदहुद आणि थव्याने फिरणारे सातभाई. मातीत लपलेल्या अळ्या आणि कोष यांच्या वाट्याला येतात.
- पानापानांत शोधणारे: शिंपी, वटवट्या. भाजीपाला, मोगरा आणि कुंपणाच्या झुडपांत यांचे काम चालते.
- उंच जागी टपून बसणारे: खाटीक, नीलपंख, पिंगळा. मोठे नाकतोडे, भुंगेरे यांवर हे झेप घेतात. पिंगळा उंदराची पिल्लेही उचलतो.

आता फसवे शब्द पाहा. वटवाघूळ हा एकच शब्द आपण दोघांसाठी वापरतो. मोठे फळवाघूळ चिकू-पेरू खाते, तर घराच्या वळचणीला राहणारे छोटे वटवाघूळ डास आणि पतंग खाते. पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढू नका. खवले मांजर हे तर मांजरच नाही. त्याला दात नसतात. लांब चिकट जिभेने ते मुंग्या आणि वाळवी खाते. त्याची शिकार आणि खवल्यांचा व्यापार हा गंभीर गुन्हा आहे. कोणी भाव सांगत आला तर वन विभागाला कळवा.

मित्र हा शब्दही तपासूनच वापरा. वेडा राघू मधमाश्या पकडतो, त्यामुळे मधपेट्यांजवळ तो त्रासदायक ठरतो. कोतवाल अळी आणि चतुर यांत भेद करत नाही, मित्रकीटकही खातो. भोरड्यांचे थवे हिवाळ्यात घाटावरच्या ज्वारीवर उतरतात तेव्हा शेतकरी हैराण होतो, पण मध्य आशियात वीण घालताना हाच पक्षी टोळ आणि नाकतोड्यांवर जगतो. म्हणून पाखराचे नाव घेताना पीक, महिना आणि जागा हे तिन्ही सांगायची सवय लावा.

तुमच्या शेतात काय करावे

१. भाताची लावणी आटोपून रोपे सावरली की एकरी ८ ते १० पक्षी थांबे लावा. बांबूची काठी आणि वर आडवी काडी पुरते. थांबा पिकाच्या उंचीपेक्षा फूट-दीड फूट वर हवा. पीक वाढेल तसा तो उंच करा.

२. दाणा दुधात येऊ लागला की थांबे काढून घ्या. आता तेच थांबे सुगरण, मुनिया आणि चिमणीच्या कामाला येतात. नाचणी आणि वरईसाठीही हाच नियम ठेवा. दाणे भरण्यापासून कापणीपर्यंतच्या दिवसांत राखण करा. पाखरू उडवा, मारू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार बहुतेक रानपक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे.

३. लष्करी अळी दिवसा चुडाच्या बुडाशी लपते आणि रात्री लोंब्या कुरतडते. पाणी असेल तर खाचरात बांधून ठेवा. अळ्या वर चढतात आणि पाखरांना दिसतात. खाचरातले बेडूकही या अळ्या खातात, त्यांना मारू नका.

४. फवारणी आधी ठरवू नका. कीड मोजा आणि आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असेल तरच फवारा. विषाने अर्धमेली झालेली अळी पाखरू सहज टिपते आणि ते विष त्याच्या पोटात जाते. दाणेदार कीटकनाशक बांधावर उघडे सांडू देऊ नका, पाखरे ते दाणे समजून वेचतात.

५. बांधावरची जुनी झाडे आणि त्यांच्या ढोल्या राखा. पिंगळा, नीलपंख, हुदहुद आणि सालिम अलींची ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी ढोलीतच वीण घालतात. ढोलीचे झाड गेले की थांबे लावूनही हे पक्षी टिकत नाहीत.

पाखरे सगळी कीड संपवतील अशी अपेक्षा ठेवू नका. तुडतुड्यांचा उद्रेक झाला तर पक्षी पुरे पडत नाहीत. कीड कमी असते तेव्हा तिला वाढू न देणे, हे त्यांचे काम. कोरडवाहू दोन-तीन एकरांत एक फवारणी जरी वाचली, तरी औषधाचे पैसे, मजुरी आणि डोंगरावर पाणी वाहून नेण्याचे कष्ट वाचतात.

वही घाला

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस. चितमपल्लींचा पक्षिकोश मराठी नावांसाठी हाताशी ठेवण्याजोगा आहे. आपल्याकडे तेव्हा भाताची झोडणी आणि नाचणीची काढणी चालू असते, त्यामुळे पाखरे पाहायला वेगळे कुठे जावे लागत नाही.

शाळेत जाणाऱ्या मुलामुलीला एक वही द्या. रोज सकाळी १५ मिनिटे एकाच बांधावर बसून चार रकाने भरायला सांगा: पाखराचे तुमच्या बोलीतले नाव, ते कुठे बसले, चोचीत काय होते आणि १५ मिनिटांत किती वेळा खाली उतरले. वारली, कोकणा किंवा कातकरी बोलीतले नाव जसे बोलता तसेच लिहा. पुस्तकातले नाव कृषी सहायक शेजारी लिहील. कृषी सहायकाने अशा पाच-सहा वह्या गोळा करून शेतीशाळेत वाचून दाखवाव्यात. पुढच्या आषाढात वही पुन्हा उघडा आणि नोव्हेंबरात दाण्यावर दिसलेले पाखरू तेव्हा काय खाते ते त्याच पानावर लिहा. पुढच्या हंगामात थांबे कधी लावायचे, कधी काढायचे आणि राखणीला कधी बसायचे, हे तुमच्या शिवारापुरते त्यावरून ठरवता येईल.